भाचा, वल्हं आणि बांधलेल्या होड्या : पंढरपूर ते कुगाव, तीन दिवस

आमचा भाचा पुण्यात सीओईपीला, म्हणजे इंजिनिअरिंगला आहे आणि अभ्यास सोडून बाकी वेळ तो त्यांच्या बोट क्लबवर असतो. संगमाजवळ नदीत ती लांबलचक, चाकूसारखी होडी घेऊन सकाळी साडेपाचला वल्ही मारत बसायचं, मग अंगाला नदीचा वास घेऊन लेक्चरला जायचं. दिवाळीत आला तेव्हा पूर्ण चार दिवस हेच ऐकवलं. इंग्लंडात केंब्रिजला कॅम नावाची नदी आहे म्हणे, आपल्या ओढ्यापेक्षा जरा मोठी, आणि तिच्यात आठ जणांची साठ फुटी होडी पळवतात. काठाला लोकांच्या राहत्या होड्या बांधलेल्या, त्यांच्यात माणसं चहा पीत बसलेली, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातनं ही पोरं. दोन होड्या शेजारी-शेजारी पळवायला जागाच नाही म्हणून १८२७ पासून तिथं एकामागे एक होड्या सोडतात आणि मागच्यानं पुढच्याला टेकवलं की जिंकला.

मी सहज म्हणालो, बे, मार्गशीर्षात पंढरपूरला ये, चंद्रभागेत याच्यापेक्षा वाईट गर्दी असते. त्यानं ते मनावर घेतलं. गुरुवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापुरात उतरला, पाठीवर सॅक, हातात वल्ह्याच्या घट्ट्यांवर लावायचं मलम. आईनं दारातच विचारलं, "मार्गशीर्ष चालूय, उजनीला जाऊन मासे खाणार नाय ना?" आम्ही दोघांनी एकदम "नाही" म्हटलं. (हे लक्षात ठेवा.)

शुक्रवार : पंढरपूर

सकाळी मोहोळमार्गे निघालो, सोलापूर-पंढरपूर साधारण बहात्तर किलोमीटर, रस्ता आता झकास झालाय त्यामुळं त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. दोन्हीकडं ज्वारी कमरेएवढी, कणसं भरायची होती, हुरड्याला अजून पंधरा दिवस तरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्गशीर्ष महिनाभर विठोबा देवळात नसतो, विष्णुपदावर असतो अशी पंढरपुरात श्रद्धा आहे. विष्णुपद म्हणजे गावाच्या दक्षिणेला गोपाळपूरच्या वाटेवरचं देऊळ, तिथं खडकात पावलं आणि गाईची खुरं उमटलेली दाखवतात. त्यामुळं अख्खं पंढरपूर डबे बांधून तिकडं वनभोजनाला जातं, आणि बरेच जण होडीनं जातात. म्हणजे एरवी नौकाविहार वगैरे हौस असते, पण या महिन्यात होडी म्हणजे सिटी बस.

घाटावर उतरलो आणि भाचा जागच्या जागी थांबला. यंदा पाणी पुंडलिकाच्या देवळाच्या पायथ्याला चिकटून होतं. पायऱ्यांना तोंड लावून होड्या उभ्या, एकीला दुसरी बांधलेली, दुसरीला तिसरी, त्यांच्यावर पताका, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, एकीत एक माणूस तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला. पलीकडं देऊळ. या दोघांच्या मधे जी काय पाण्याची गल्ली उरली होती तिच्यातनं भरलेल्या होड्या जात होत्या, रिकाम्या येत होत्या, एक मोटारबोट मधूनच फुर्रर्र करून गेली की बांधलेल्या सगळ्या होड्या एकमेकींवर आपटून धाड धाड धाड, आणि टॉवेलवाला झोपेतच एक शिवी देऊन कूस बदलायचा.

आम्हाला मिळालेले नावाडी म्हणजे साठीच्या पुढचे एक तात्या. महादेव कोळी, घरात पिढ्यानपिढ्या हेच. भाडं आधी ठरवलं (टीप: चढायच्या आधी जाऊन-येऊन किती आणि तिथं थांबणार किती वेळ हे दोन्ही स्पष्ट बोला, नंतर बोललं की दोघांचाही मूड जातो). होडीत आम्ही दोघं, एक वारकरी जोडपं, आणि एक कुटुंब ज्यांच्याकडं एवढे डबे होते की मला वाटलं लग्न आहे.

तात्या पुढच्या बाजूला पाठ करून बसले आणि वल्हवायला लागले. भाच्यानं लगेच मला कोपर मारलं. "मामा, हे पण उलटंच!" म्हणजे त्याच्या त्या स्पोर्टच्या होडीतही माणूस पाठमोराच बसतो, जिकडं जायचं तिकडं पाठ. ताकद तशीच लागते म्हणून. त्यामुळं दर चार-पाच वल्ह्यांनी मान वळवून बघायचं, आणि मान वळवली की होडी डुगडुगते, कारण त्याच्या एकट्याच्या होडीची लांबी आठ मीटर आणि रुंदी माझ्या पाटाएवढी, वजन सगळं मिळून चौदा-पंधरा किलो. तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "चौदा किलो? ती पान्यात ठिवता का खिशात?"

पण तात्या मान वळवत नव्हते. ते हाका मारत होते. लांब "होऽऽऽय" करायचे, समोरून "होऽय" आलं की त्या आवाजाच्या अंदाजानं एक वल्हं दाबायचे. बांधलेल्या होड्यांमधले, म्हणजे नंबरची वाट बघत बसलेले, ते सुद्धा बोलत होते. "तात्या, डावीकडनं भरलेली येतीया." "तात्या, थांबा, पोरगं पान्यात हाय." मोबाईलमधनं डोकं वर न काढता. मी विचारलं, हे तुम्हाला का सांगतात? तर म्हणाले, त्यांचं तोंड हिकडं हाय, माजं नाय.

मग मी खोदून विचारलं, की नियम काय. नियम असा शब्द त्यांना आवडला नाही. पण कळलं ते असं: भरलेल्या होडीला पहिली वाट, रिकाम्यानं थांबायचं. काठाला लागणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, सुटणाऱ्यानं नंतर, कारण काठ दिसला की माणसं उठून उभी राहतात आणि तेव्हाच होडी कलंडते. आणि बांधलेल्या होडीला हात लावून ढकलायचं असेल तर लाकडाला लावायचा, दोराला नाही. दोर ओढलात तर मागच्या तिन्ही होड्या हलतात आणि कुणाची तरी म्हातारी पाण्यात.

चिंचोळ्या जागी आले की तात्या दोन्ही वल्ही सटकन आत ओढून घ्यायचे आणि होडी नुसती आपल्या वेगानं सरकायची. भाचा हळहळला. त्याच्या होडीला वल्ही बाहेर काढलेल्या धातूच्या हातांवर बसवलेली असतात, एकेक वल्हं साडेनऊ फुटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत अठरा-एकोणीस फूट पसारा, आणि आत ओढताच येत नाहीत, फार तर होडीला समांतर सोडून द्यायची. म्हणजे होडी फूटभर रुंद आणि तिला वाट पाहिजे ट्रॅक्टरएवढी. हे मला पहिल्यांदा नीट समजलं, की केंब्रिजच्या त्या चहा पिणाऱ्या लोकांची कटकट का होत असेल.

विष्णुपदावर जेवण. डबेवाल्या कुटुंबानं आग्रह करकरून आमच्या पानात शेंगापोळी, वांग्याची भाजी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, आमचे चिवड्याचे पुडे बाहेर काढायची लाज वाटली. त्यांच्यातल्या आजींनी भाच्याला विचारलं, ह्या वल्हवन्याचं पुढं काय होतं, नोकरी लागती का. त्यानं दत्तू भोकनळचं सांगितलं, नाशिककडच्या चांदवड तालुक्यातला, बापाबरोबर विहिरी खोदायचा, सैन्यात गेला, तिथं वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे तेरावा आला. आजी म्हणाल्या, "हिरी खांदनाऱ्याला काय अवघड हाय वल्हं." बरोबरच आहे की.

येताना भाच्यानं तात्यांकडं वल्हं मागितलं. तात्यांनी दिलं, आणि स्वतः बिडी पेटवून बसले, म्हणजे त्यांना माहीत होतं काय होणार. पहिली गोष्ट, ते वल्हं म्हणजे सरपणाचा ओंडका. दुसरं, ते खुंटीला दोराच्या फासात अडकवलेलं, हलतं, कुरकुरतं. तिसरं, याला सवय पुढं-मागं सरकणाऱ्या सीटची, पाय ताणून ढकलायची, आणि इथं फळी जागची हलत नाही. दहा मिनिटांत घामाघूम आणि आम्ही नारदाच्या देवळाकडं तिरके निघालेलो. वारकरी काकू "पांडुरंग पांडुरंग" करायला लागल्या. तात्या म्हणाले, "जोर नगं लावू. वल्हं पान्यात टाक आन थांब. मग वड." एवढंच सांगितलं. शेवटच्या शंभर फुटात जरा जमलं आणि घाटाजवळ तात्यांनी काही न बोलता वल्ही काढून घेतली.

त्या संध्याकाळी वाळवंटात बसलो, कुठूनतरी कीर्तनाचा आवाज, थंडी बऱ्यापैकी. तात्यांनी पूर आला की काय करतात तेही सांगितलं होतं: उजनी आणि वीर, दोन्ही धरणांचं पाणी नरसिंहपूरला एक होऊन इकडं येतं, पाणी सोडल्याची बातमी आली की आधी होड्या वर, मग जेवण. रात्री भक्तनिवासात राहिलो. शनिवार-रविवार असेल तर आधीच बुक करा, आणि ब्लँकेट स्वतःचं न्या.

शनिवार : पंढरपूर ते कुगाव

टेंभुर्णी, मग करमाळ्याचा रस्ता. कंदर आलं की केळीच केळी, परदेशात जाणाऱ्या केळीचे कंटेनर रस्त्याला उभे. जेऊरला बाजार आमटी खाल्ली. सोलापूरबाहेरच्यांनी ही खाल्ली नसेल तर काय सांगायचं, तीन-चार डाळी एकत्र, वर बोटभर लाल तर्री, भाकरी चुरून त्यात बुडवायची आणि नाक पुसत खायची. भाच्याला पुण्याचं पाणी लागलंय, दोन ग्लास ताक प्याला.

कुगाव हे करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याला टेकलेलं गाव. माझ्या मित्राची सासुरवाडी, त्यामुळं राहायची सोय झाली. समोर पाणी, पाण्यापलीकडं इंदापूर तालुका, पुणे जिल्हा. पलीकडचं कळाशी नजरेच्या टप्प्यात, पण रस्त्यानं जायचं तर टेंभुर्णीवरनं नाहीतर भिगवणवरनं भलामोठा वळसा. म्हणून माणसं होडीनं जायची, मोटारसायकल सुद्धा होडीत घालून. २१ मे २०२४ ला संध्याकाळी अचानक वादळ सुटलं आणि याच वाटेवर बोट उलटली, सहा जण गेले. गावात हा विषय आपण काढायचा नाही हे मित्रानं आधीच सांगितलं होतं, पण काढावा लागलाच नाही, दर दुसऱ्या वाक्यात तो येतोच. "त्या दिवसापासनं" असं म्हणतात, कुठला दिवस ते कुणी विचारत नाही.

म्हणून इथली टीप ठळक: लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, नसेल तर बसूच नका, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ गढुळलं की पाण्यात जायचा विचार सोडा. उजनी म्हणजे तळं नाही, वाऱ्याला अडवायला मधे काही नाही, लाटा अंगावर येतात.

मित्राच्या आजेसासूबाई जुन्या गावच्या. जुनं गाव म्हणजे पाण्याखालचं. १९८० ला धरण पुरं झालं, पाणी चढत आलं, माणसं वर सरकली. पुण्या-मुंबईकडं जाणारी जुनी रेल्वे सुद्धा पाण्यात गेली म्हणाल्या, तो डिकसळचा इंग्रजांचा पूल तेवढा राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपल्या दारातली जागा दिसते का हे बघायला त्या अजून जातात. भाच्यानं विचारलं, धरण मायनसमधे जातं म्हणजे काय? तर साधं आहे: उजनीत साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, त्याच्या खाली गेलं की आकडा वजा. सोलापूरकर रोज सकाळी पेपरात हाच आकडा आधी बघतो, सोन्याचा भाव नंतर.

संध्याकाळी काठावर फिरलो. फ्लेमिंगोसाठी येणार असाल तर डिसेंबर लवकर होतो, पाणी उतरून चिखल उघडा पडला की ते येतात, म्हणजे जानेवारीच्या पुढं. पण पट्टकादंब दिसले दहा-बारा, चित्रबलाक दिसले, आणि नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालत होते. भाच्याचं लक्ष पक्ष्यांकडं नव्हतंच. काठाला एक ओढा येऊन मिळतो, धरणाचं पाणी त्याच्यात आत शिरलंय, दोन्हीकडं बुडालेल्या बाभळींचे शेंडे, आणि त्या बोळकांडीत वाऱ्यापासून आडोसा म्हणून मच्छीमारांनी होड्या बांधलेल्या. बारा-पंधरा असतील. मधे वाट एका होडीची, फार तर सव्वा होडीची. तो म्हणाला, "मामा, हेच ते. कॅम नदी."

रविवार : ओढ्यातला गोंधळ

पहाटे साडेपाच. धुकं पाण्यावर, हात गारठलेले. मित्राच्या मेव्हण्यानं ओळखीच्या एका मच्छीमार दादांना सांगून ठेवलं होतं. दादा रात्री टाकलेली जाळी काढायला निघाले, आम्ही बरोबर, जॅकेटं घालून. जाळ्यात चिलापी सगळ्यात जास्त, दोन-चार रोहू, एक कटला एवढा मोठा की दादांनी त्याला मांडीवर घेऊन फोटो काढायला लावला. सूर्य वर आला तेव्हा पाणी तांब्याच्या परातीसारखं दिसत होतं. भाचा वल्हवत होता आणि कालपेक्षा बरा वल्हवत होता, टाक, थांब, ओढ. दादा खूश. म्हणून परत येताना ओढ्यात शिरायची वेळ आली तरी त्यांनी वल्ही मागितली नाहीत. आणि मीही गप्प बसलो, भाच्याचं कौतुक.

झालं ते असं. तो पाठमोरा. मी त्याच्यासमोर तोंड करून बसलेलो, म्हणजे पुढचं दिसत होतं ते मला, पण मी मोबाईलमधे कटल्याचा फोटो आईला जाणार नाही ना या काळजीत. बोळाच्या मधोमध एक होडी, तिचं तोंड खुंट्याला बांधलेलं आणि मागचं शेपूट मोकळं, वाऱ्यानं फिरून वाटेत आडवं आलेलं. दादा ओरडले, भाच्यानं वल्हं आत ओढायच्या ऐवजी घाईनं पाण्यात मारलं, ते पाण्याखालच्या तिरक्या दोरात अडकलं, दांडा उलटा येऊन त्याच्या बरगडीत बसला (याला ते लोक क्रॅब म्हणतात, खेकड्यानं वल्हं धरलं असं), आमची होडी गर्रकन फिरली आणि त्या होडीच्या कडेला घासली. कडेवर जाळं वाळत टाकलेलं. टर्रर्र.

त्या होडीत मावशी होत्या. मासे निवडत बसलेल्या. पुढची पाच मिनिटं मी इथं लिहीत नाही. सारांश एवढाच की पुण्याची पोरं, त्यांचे आईबाप, आणि फोन बनवणारे, सगळ्यांचा उद्धार झाला. भाचा पांढराफटक, "सॉरी मावशी, सॉरी मावशी", मी खिशात हात घातला तर त्या अजून भडकल्या, "पैशानं आज रातीला जाळं टाकू का?"

मग दादा बोलले, आणि इथं मला ते आवडले. म्हणाले, पोराचं चुकलं, हाक नाय मारली. पाठ करून येतोयस तर वरडत यायचं. माजं चुकलं, मी वल्हं काढून घ्यायला पायजे हुतं. पण आक्के, तुजी होडी बी एका दोरावर हाय, शेपूट वाटंत सोडलंयस, कुनीतरी ठोकनारच हुतं.

मावशी म्हणाल्या, रोज पाणी उतरतंय, दोन्हीकडनं आवळून बांधली तर सकाळी होडी काठाला लटकती, ते कोन बगनार?

हे खरं होतं. आणि यावर मग तिथं काठावर, मासे उन्हात असताना, अर्धा तास चर्चा झाली, चार-पाच होडीवाले जमले, प्रत्येकाचं वेगळं मत. शेवटी ठरलं ते असं की तोंडाला खुंट्याचा दोर तसाच ठेवायचा, आणि मागनं दगड बांधून सरळ खाली सोडायचा, दोर उभा राहील इतकाच लांब, पाणी हातभर उतरलं की तेवढा आवळायचा. तिरका दोर कुणीच ठेवायचा नाही, तो वल्ह्यात येतो. आणि आत येणाऱ्यानं बाभळीच्या मोठ्या शेंड्यापाशी थांबून हाक द्यायची, उत्तर आलं की मगच शिरायचं. दादांनी लगेच एक दगड शोधून मावशींच्या होडीला बांधून दिला.

भाचा तोवर मावशींच्या शेजारी बसून जाळं हातात धरून होता. त्यांनी त्याला सुई दिली, नायलॉनचा दोरा दिला, गाठ दाखवली. दोन तास. त्याला नीट अकरा गाठी जमल्या, मावशींनी त्यातल्या चार सोडून परत मारल्या. गप्पांत त्यानं मोबाईलवर त्याच्या होडीचा फोटो दाखवला, तर मावशींनी टोकाला बोट लावून विचारलं हे पांढरं काय चेंडूसारखं. रबराचा गोळा, त्यानं सांगितलं, चार सेंटिमीटरचा तरी लागतोच, नाहीतर रेसला उतरू देत नाहीत, कारण टोक इतकं अणकुचीदार की कुणाला लागलं तर भाल्यासारखं आत जाईल. मावशी म्हणाल्या, "मंग तुमाला म्हाईत हाय की ठोकनार म्हनून." त्यांच्या होडीला कडेनं सायकलच्या टायरचे तुकडे ठोकलेले होतेच, फक्त जाळं त्यांच्या वर टाकलेलं.

दोऱ्याचे म्हणून दोनशे रुपये शेवटी घेतले त्यांनी, आणि घेतल्यावर किलोभर चिलापी पिशवीत घालून दिली, नको म्हणायची सोय नव्हती. मित्राच्या सासुरवाडीला ती तळली. हिरवी मिरची, लसूण, वर ज्वारीचं पीठ भुरभुरून. आम्ही खाल्ली. हो, खाल्ली.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं: सोलापूरहून कुगाव थेट जायचं असेल तर टेंभुर्णी-जेऊर करून जा, शेवटचा रस्ता अरुंद आहे आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या याच दिवसांत असतात, अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते, म्हणून उजेडात पोचा. गावात हॉटेल नाही, जेऊर किंवा करमाळ्यात राहायची सोय बघा. मच्छीमारांबरोबर जायचं तर आदल्या दिवशी विचारा, त्यांच्या कामाची वेळ ती तुमची वेळ. आणि बांधलेल्या होडीवर फोटोसाठी चढू नका, बघणाऱ्याला रिकामी दिसली तरी ती कुणाचं तरी दुकान आहे.

रात्री नऊला सोलापूर. भाच्याला परस्पर स्टेशनवर सोडला, बरगडीवर काळंनिळं झालेलं, ते त्याला क्लबमधल्या पोरांना दाखवायचं होतं. मी घरी आलो, हातपाय धुतले, पंढरपूरचा बुक्का आणि पेढे आईच्या हातात दिले. तिनं पेढे घेतले, कपाळाला बुक्का लावला, आणि मग माझा स्वेटर लांबूनच हुंगून म्हणाली, "हे विष्णुपदावरचं जेवण वाटतं?"